भंगारातली सायकल आणि बाईचं अवजार

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, कुठल्याही बाजारातल्या सायकल दुकानामागे बघा. वाकलेल्या रिमा, गंजलेले चिमटे, हँडल, चेन पडलेल्या असतात. भंगारवाला त्या किलोवर नेतो. त्यातून आपल्याला काय करता येईल आणि जे होईल ते कुणाच्या ताब्यात राहील, एवढंच मला आज मांडायचं आहे.

पहिला उपयोग साधा. चालतील ते भाग मुलींच्या बंद पडलेल्या सायकलींना लावायचे. एका फ्रीव्हीलपायी सायकल पडून राहते आणि वाडीवरच्या मुलीची शाळा सुटते.

दुसरा उपयोग सायकल कोळप्याचा. घाटावर हे कोळपं अनेक शेतकरी वापरतात. पुढचं चाक, चिमटा आणि हँडल ठेवून मागे लोखंडी पास जोडायची आणि उभ्याने ढकलत चालायचं. आपल्याकडे बेणणी म्हणजे बाईचं काम. दिवसभर उकिडवं बसायचं, हातात विळा. पाठ आणि गुडघे त्याची किंमत मोजतात. चिखलातल्या भातात हे कोळपं चालत नाही, पण भातानंतर ओळीत लावलेल्या भाजीला चालतं.

तिसरा उपयोग उफणणीचा. पायडल, चेन आणि फ्रीव्हील जोडून पंखा फिरवता येतो, मग वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. ग्वाटेमालात माया पेडल या संस्थेने १९९७ पासून जुन्या सायकलींपासून मका दळायची, पाणी उपसायची यंत्रं बनवली. म्हणजे कल्पना हवेतली नाही.

आता खरा प्रश्न. विळा आणि सूप बाईच्या हातात, पण चाक असलेलं अवजार आलं की ते पुरुषाच्या हातात जातं. कोळपं शेतमालकाने घेतलं, तर चार जणींचं काम एकाकडून होईल आणि आपल्या ठाकूर, कातकरी मजूर बायांचा रोज बुडेल. पाठ वाचली, पण चूल विझली, अशी सुधारणा आपल्याला नको.

म्हणून तीन गोष्टी ठरवू या. कोळपं गटाच्या मालकीचं असावं आणि बाईसकटच भाड्याने जावं. मजुरी दिवसावर न ठरवता कोळपलेल्या क्षेत्रावर ठरवावी. आणि बनवतानाच हँडलच्या नळीला दोन-तीन उंचींवर भोकं पाडून घ्यावीत, म्हणजे बुटक्या बाईलाही ते पेलेल.

वेल्डिंग गावातल्या कारागिराकडून करून घेऊ. पण पाना आपल्यातल्या दोघींनी तरी हातात धरायला शिकलं पाहिजे. नट सैल झाला की ज्याला बोलवावं लागतं, अवजार हळूहळू त्याचंच होतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या बंद सायकली मोजून आणा. सोबत बेणणीचा चालू रोजही लिहून आणा. दोन्ही आकडे समोर ठेवूनच पहिल्या कोळप्याचा हिशेब मांडू.