यकृताचा रोग, सूक्ष्म जंतु आणि आपला न्याय

(जुबिली सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



जुबिलीच्या आनंदांत रोगाचा विषय कशास, असें तुमच्यांतील कित्येकांस वाटेल. परंतु या सप्ताहांत आपण आपल्या मृतांचें स्मरण केलें, आणि त्या वेळीं आमच्या मनांत सलणारी एक गोष्ट पुन्हा वर आली. ती तुम्हांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, आम्हांस एका आजाऱ्याकडे बोलावणें आलें. डोळे पिवळे झालेले, पोटांत पाणी सांठलेलें, हातपाय वाळलेले. यकृत कठीण झालें होतें व त्यांत कर्करोगाची गांठ होती. अभ्यंग देतांना आमच्या मनांत एकच विचार आला: 'किती पीत असेल हा!' अंत्यविधीनंतर त्याची पत्नी एवढेंच म्हणाली, "फादर, ह्यांनीं जन्मांत दारूला हात लावला नाहीं; पण लोक तें मानीत नाहींत." आम्हींही तें मानलें नव्हतें.

दारू यकृताची वैरीण आहे, यांत शंका नाहीं. परंतु ती एकटी नव्हे. 'ब' व 'क' प्रकारच्या काविळीचे विषाणु, मधुमेह व स्थूलपणा यांमुळें यकृतांत सांठणारी चरबी, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील विष, हीं सर्व माणसास त्याच वाटेनें नेतात. या यादींत बॅक्टेरिया नांवाच्या सूक्ष्म जंतूंनाही स्थान द्यावें कीं काय, असा प्रश्न आज शास्त्रज्ञांपुढें आहे.

त्याचा आरंभ ऐकण्यासारखा आहे. १९९२ सालीं अमेरिकेंत मेरीलँड राज्यांतील फ्रेडरिक येथें, राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रयोगशाळेंत, एका दीर्घ प्रयोगासाठीं उंदीर पाळले होते. त्यांतील कांहींना विष अथवा औषध न देतां केवळ तुलनेसाठीं ठेविलें होतें. आश्चर्य असें कीं, ज्यांस कांहींच दिलें नव्हतें, त्यांच्याच यकृतांस सूज आली व पुष्कळांत गांठी आढळल्या. शोध करतां यकृतांतील पित्त वाहणाऱ्या बारीक नळ्यांत मळसूत्राच्या आकाराचा एक जंतु सांपडला. १९९४ सालीं त्याला 'हेलिकोबॅक्टर हेपाटिकस' असें नांव मिळालें.

याच कुळांतील 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जंतु माणसाच्या जठरांत राहतो. जठरांतील व्रण चिंतेनें व जळजळीत खाण्यानें होतात, असें पूर्वीं मानीत. ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं या जंतूकडे बोट दाखविलें, तेव्हां पुष्कळांस तें पटेना. अखेर १९८४ सालीं मार्शल स्वतःच ते जंतु प्याले, आणि त्यांच्या जठरास सूज आली. १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें हा जंतु कर्करोगजनक ठरविला, आणि २००५ सालीं त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

माणसाच्या यकृताविषयीं मात्र जपून बोललें पाहिजे. आंतड्यांतील रक्त एका मोठ्या शिरेनें थेट यकृतांत येतें. आंतड्यांचें अस्तर दुबळें झालें कीं जंतु व त्यांचें विष त्याबरोबर येतें, सूज धुमसत राहते, आणि वर्षानुवर्षें मोडतोड व डागडुजी चालतां चालतां एखादी पेशी बिघडूं शकते. यकृताच्या कांहीं रोग्यांत या कुळाच्या जंतूंच्या खुणाही सांपडल्या आहेत. परंतु पडक्या घरांत घुशी सांपडल्या म्हणून घर घुशींनींच पाडलें असें होत नाहीं; जंतु मागाहूनही शिरले असतील. उंदरांत जें सिद्ध झालें, तें माणसांत अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. पित्ताशयाच्या बाबतींत पुरावा अधिक आहे: विषमज्वराचे जंतु ज्यांच्या पित्ताशयांत ठाण मांडून बसतात, त्यांस तेथील कर्करोगाचा धोका वाढतो.

तेव्हां करावें काय? हें ऐकून कोणीं आपल्या मनानें जंतुनाशक गोळ्या घेऊं नयेत, आणि पिणाऱ्यानेंही यांत सबब शोधूं नये. 'ब' व 'क' काविळीची रक्तपरीक्षा करून घ्यावी. 'ब' ची लस बालकास जन्मतांच द्यावी. 'क' चा रोग आतां बहुधा तीन महिन्यांच्या गोळ्यांनीं बरा होतो.

आणि दुसरें असें कीं, जिभेस आवर घालावा. जन्मांधास पाहून शिष्यांनीं विचारलें कीं पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें. प्रभूनें दोन्ही नाकारलें. विद्वान लोक तीस वर्षें पुरावा तपासून 'अद्याप ठरलें नाहीं' म्हणतात, आणि आपण ओटीवर बसून एका घटकेंत निकाल देतों.

त्या माउलीची आम्हीं पुढें क्षमा मागितली, व तिनें ती दिली. परंतु तिच्या मुलांना शाळेंत जें ऐकावें लागलें, तें कोणासही परत घेतां आलें नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील एकाही घरावर अशी वेळ पुन्हा न येवो, एवढीच या जुबिलीच्या दिवशीं आमची तुम्हांस विनंती आहे.