मूठ, पाठ आणि घरची गोष्ट
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या ग्वाल्हेर-इंदूरकडच्या जुन्या मराठी घरांत खंडेनवमीला पाटावर शस्त्रे येतात. त्यांत कधी दीड हात लांब, किंचित वाकडी, पितळी मुठीची विलायती तलवार असते. तिची गोष्टही ठरलेली : "महादजी शिंद्यांच्या डिबॉइनसाहेबाने आमच्या पूर्वजांना दिली." गोष्ट जरूर जपा; पण एकदा तलवारीलाही विचारा.

आधी मूठ पाहा. हरणाच्या शिंगाची असेल, तर तलवार बहुधा शिकारीची. पंजा झाकणारी काळी लोखंडी वाटी आणि पात्यावर नांगराची खूण असेल, तर फ्रेंच जहाजावरची. मूठ आणि बोटांपुढची कमान मिळून पितळेचा एकच ओतीव तुकडा असेल, तर ती पायदळाची 'ब्रिके'. तिचे पाते साधारण ५९ सेंटिमीटर असते. मुठीवरचे आडवे कंगोरे मोजा. फ्रेंच ब्रिकेवर ३६ भरले तर नमुना १८००-०१ चा, २८ भरले तर १८०२-०३ चा.

मग पात्याची पाठ उजेडात तिरकी धरा. आल्सेसमधल्या क्लिंगेनथाल कारखान्याचे नाव तिथे बारीक अक्षरांत कोरलेले सापडते. त्यात 'इंपेरियाल' असेल तर काळ नेपोलियनच्या बादशाहीचा, म्हणजे १८०४ नंतरचा; 'रोयाल' असेल तर राजे परतल्यानंतरचा. अक्षरे नसतील तर लगेच फ्रेंच म्हणू नका. प्रशिया आणि रशियानेही हाच घाट उचलला होता.

आता हिशेब करा. डिबॉइनने शिंद्यांची नोकरी १७९५ च्या अखेरीस सोडली. मग २८ कंगोऱ्यांची तलवार त्याने कशी दिली असेल? यात घराण्याला कमीपणा नाही. ती दुसऱ्या वाटेने आली, एवढेच. ती वाट घरच्या जुन्या कागदांत शोधायची.

म्हणून हात जोडून विनंती, पूजेआधी चिंच आणि पॉलिश-कागद लावू नका. दरवर्षीच्या घासण्याने तीच अक्षरे जातात. कोरडे मऊ फडके आणि पात्याला तेलाचा पुसट हात पुरे. शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, हा १९७२ चा कायदाही ध्यानात असू द्या.

यंदा कंगोरे मोजा, पाठीचा फोटो काढा आणि आजीने सांगितलेली गोष्ट त्यासोबत लिहून ठेवा. नातवंडांना दोन्ही मिळू देत.