हयातीचा दाखला

स्नातक मित्रहो,

मी हवालदाराची मुलगी. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, जंगी पलटणीत होते. १९७१च्या डिसेंबरात ती पलटण जमालपूरला लढत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा आईला पत्ता ठाऊक होता तो एवढाच: केअर ऑफ ९९ एपीओ. त्या पत्त्यात ना गाव, ना राज्य. पोस्टमन वळणावर दिसला की आई हातातलं काम टाकून उंबऱ्यात यायची, पण उंबरा ओलांडायची नाही. मनीऑर्डर आहे की तार, हे तो जवळ आल्याशिवाय कळायचं नाही.

आपल्या सातारा जिल्ह्याला हा उंबरा नवा नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे, आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. त्या स्तंभापुढे उभी राहिले की मला घरं दिसू लागतात. त्या वर्षी पेरणी कुणी केली, म्हाताऱ्यांचं औषधपाणी कुणी पाहिलं, लेकरांना शाळेत कुणी घातलं? याची नोंद कुठल्याच दगडावर नाही.

परत येतात त्यांचंही सोपं नसतं. शिपाई पेन्शनवर येतो तेव्हा बऱ्याचदा जेमतेम पस्तीस-चाळिशीचा असतो. मुलं शाळेत, घराचं बांधकाम अर्धवट, आणि पुन्हा अर्ज घेऊन रांगेत उभं राहणं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. मूळचे मुष्टियोद्धे, नंतर पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक त्यांनी मिळवलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधे ४६ वर्षं गेली. मानाचा उशीर एकवेळ माणूस सोसतो, पण हक्काच्या पैशाला उशीर झाला की चूल अडते.

आमची अडली होती. वडील गेले आणि आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं. कारण काय, तर लष्कराच्या कागदात तिचं माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर लग्नात बदललेलं. आपल्याकडे किती बायकांची अशी दोन नावं असतात! कागदाच्या दृष्टीनं मात्र त्या दोन वेगळ्या बायका. चौदा महिने ती प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि मृत्यूचा दाखला घेऊन फिरली. कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. ‘उद्या या’ एवढंच म्हणाले.

तुमच्यातलं कुणी बँकेत बसेल, कुणी तहसिलीत, कुणी दवाखान्याच्या खिडकीशी. ती पिशवी तुमच्या टेबलावर येणार आहे. कार्यक्रमात वीरपत्नीला शाल आणि श्रीफळ जरूर द्या. पण त्या पिशवीतला प्रत्येक कागद तुम्ही नीट वाचायला हवा. प्रतिज्ञापत्र कुठं करायचं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणता अर्ज द्यायचा, हे तिला कागदावर लिहून द्या. माझ्या लेखी सैनिकाच्या घराचे आभार मानणं म्हणजे हेच.

आईचं काम शेवटी झालं ते बँकेत नव्यानं लागलेल्या एका मुलीमुळे. नुकतीच पदवी घेतलेली, तुमच्याच वयाची. ती खुर्चीतून उठून काउंटरच्या बाहेर आली, आईशेजारी बाकावर बसली आणि तिनं सगळे कागद लावून घेतले. म्हणाली, “आजी, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला याल तेव्हा माझ्याकडेच या.” आई दर नोव्हेंबरात तिच्याकडे जात राहिली. पुढे पाय चालेनात, तेव्हा ती मुलगी अंगठ्याचं यंत्र पिशवीत घालून एसटीनं आमच्या गावी आली. ती वळणावर दिसली तशी आई वॉकर धरून उंबऱ्याशी आली, आणि उंबरा ओलांडून अंगणात तिला सामोरी गेली.