मुलग्यांची आगळी नावे व त्यांची कुळकथा

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाने वंशावळीचे काम हाती घेतल्यापासून घरोघरचे जुने कागद आमच्या हाताखालून गेले. त्यांत गणेश, विष्णू, रामचंद्र ही नावे विपुल आहेत. पण मधूनच धोंडू, दगडू, केरबा, कचरू, भिकाजी, नथू, सुपडू अशी नावे डोकावतात, आणि ती लिहून देताना तरुण मंडळी ओशाळतात. दोन घरांनी तर आजोबांचे दगडू हे नाव गाळून तेथे दिगंबर असे छापावे, अशी विनंती केली आहे. म्हणून या नावांची कुळकथा आपणांपुढे मांडावी, असे आम्ही योजिले.

नावाचा विचार आपल्याकडे कमी झालेला नाही. आश्वलायन गृह्यसूत्र सांगते की मुलग्याचे नाव घोष वर्णाने सुरू व्हावे, पोटात य, र, ल, व यांपैकी एखादा वर्ण असावा आणि अक्षरे सम असावीत. प्रतिष्ठा हवी असेल तर दोन अक्षरे, ब्रह्मतेज हवे असेल तर चार. जोशीबुवांचे अवकहडा चक्र याहून निराळे. तेथे जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर ठरते. अश्विनीच्या पहिल्या चरणास ‘चू’ येतो, तो कसाबसा चूडामणीवर भागतो. परंतु हस्ताच्या तिसऱ्या चरणास ‘ण’ व आर्द्रेच्या तिसऱ्यास ‘ङ’ येतो, आणि या अक्षरांनी आरंभ होणारे मराठी नाव कोणी काढून दाखवील तर आम्ही त्याचे ऋणी होऊ.

हीन अर्थाची नावे मात्र केवळ खेडवळ अडाणीपणातून आली, हा समज चुकीचा आहे. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्ताचे तीन पुत्र आहेत: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. पहिल्याचा व तिसऱ्याचा अर्थ कुत्र्याचे शेपूट. मधल्याचा अर्थ या सभेत सांगण्याजोगा नाही. तोच मधला पुढे विश्वामित्राचा पुत्र देवरात म्हणून मान्यता पावला.

आता मूळ विषय. गेल्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार अर्भकांपैकी सुमारे दोनशे वर्ष पुरे होण्याआधी दगावत. देवी, पटकी, धनुर्वात यांपुढे कोणाचा इलाज चालत नसे. ज्या घरी लागोपाठ मुले गेली, तेथे पुढचा मुलगा झाला की आनंद प्रकट करण्याची छाती होत नसे. मग त्याला उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलीत, म्हणून तो केरबा किंवा कचरू. सुपात घालून शेजारणीस देत व मूठभर धान्य देऊन परत घेत. खानदेशातला सुपडू त्या सुपाचा. मुलगी भासावी म्हणून नाक टोचून नथ घालीत, तो नथू. दैवाकडे भीक मागून मिळाला, तो भिकाजी. फकिराच्या नवसाचा, तो फकिरा. आणि धोंडू-दगडू? दगड कोणी चोरीत नाही, आणि त्याला मरणही नाही. मृत्यूने दाराशी येऊन पाहावे, येथे केर व धोंडे यांखेरीज काही नाही असे समजून परत फिरावे, एवढीच या नावांतली युक्ती. महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले आणि 1962 साली वयाच्या 104 व्या वर्षी निवर्तले. नावाने आयुष्य वाढते असे आमचे म्हणणे नाही; परंतु भारतरत्नाच्या यादीत एक धोंडो आहे, हे ओशाळणाऱ्या नातवंडांनी ध्यानात घ्यावे.

तथापि एक भेद विसरता कामा नये. लाडक्याला मुद्दाम हीन नाव देणे निराळे आणि दुसऱ्याने ते लादणे निराळे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव जुगुप्सित असावे, असे उघड म्हटले आहे. त्यामुळे दगडू या एकाच नावामागे एका घरी मातेची माया असेल, तर दुसऱ्या घरी गावाने केलेली अवहेलना. ज्यांनी ती सोसली त्यांनी नाव टाकले, तर त्यांस बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बलुतं’मध्ये दगडू आपली कहाणी दया पवारांस सांगतो, अशी रचना आहे. एकाच माणसाची ती दोन नावे किती अंतरावर उभी आहेत!

आणखी एक गोष्ट, जी सांगताना जीभ जड होते. मुलगा नकोसा नव्हता, फार हवासा होता, म्हणून त्याला केर म्हटले. मुलीचे नाव नकुशा ठेवणाऱ्यांनी मात्र काही सोंग केले नव्हते. जे मनात होते तेच ठेवले. 2011 साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशांना समारंभाने नवी नावे देण्यात आली. आमच्या वंशावळीच्या कागदांत तर मुलींची नावे बहुतेक नाहीतच.

आजच्या नवलाईच्या नावांविषयी थोडक्यात. रियांश या नावातला ‘अंश’ आम्हांस कळतो, पण कशाचा, ते सांगणारा अद्याप भेटला नाही. बारशाला आत्याने कानात काय सांगितले ते पूर्वी शाळेच्या दाखल्यापर्यंत बदलता येई. आता जन्मनोंदणीत नाव पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येते, पुढे विलंबशुल्क पडते. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांस शाळाप्रवेशापासून पुढे सर्वत्र जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे व मग वडिलांचे नाव येते. तेव्हा आई-बापांनी नाव घाईने ठेवू नये.

राहता राहिली त्या दोन घरांची विनंती. वंशावळीत ‘दगडू ऊर्फ दिगंबर’ असे छापावे, असे आम्ही सुचविले आहे. तसेच ज्या घरी एखादी वृद्ध आजी अद्याप आहे, त्यांनी तिला विचारून, दगडूआधी किती मुले गेली तो आकडा शेऱ्याच्या रकान्यात लिहून पाठवावा. त्या मुलांची नावे ठाऊक असल्यास तीही लिहावीत. बारशापूर्वीच गेली असल्यास तसे नमूद करावे. कोरे तक्ते चिटणिसांकडे मिळतील.