पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका वाचताना
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



दहावीच्या वर्षात प्रत्येक घरात दोन निकाल लागतात. एक बोर्डाचा. तो उन्हाळ्यात लागतो आणि त्याची वाट सारे नातेवाईक पाहत असतात. दुसरा शाळेच्या पूर्वपरीक्षेचा, जिला विद्यार्थी ‘प्रिलिम’ म्हणतात. तो साधारणतः जानेवारीत लागतो आणि दोन दिवसांच्या चर्चेनंतर विसरला जातो. बोर्डाच्या निकालानंतर करण्यासारखे फार थोडे उरते. पूर्वपरीक्षेनंतर मात्र पुष्कळ काही हाती असते. तरीही बहुसंख्य घरांत उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरील गुण तेवढे पाहिले जातात. गुण चांगले असले तर कौतुक, कमी असले तर बोलणी. आतील पाने मात्र कोणी उघडत नाही. वास्तविक शिक्षकाच्या लाल शाईने विद्यार्थ्याला जे सांगितलेले असते, ते त्या आतील पानांवर असते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तीच पाने हा आहे.

परीक्षेचे स्वरूप

प्रथम परीक्षेची मांडणी नीट समजून घेणे इष्ट ठरेल, कारण अनेक पालकांच्या मनात स्वतःच्या काळातील परीक्षाच असते. 2018 साली दहावीची नवीन पाठ्यपुस्तके आली. त्यानंतरच्या रचनेनुसार भाषेची लेखी परीक्षा 80 गुणांची असून तिला तीन तास मिळतात. गणित आणि विज्ञान यांचे प्रत्येकी दोन भाग आहेत. प्रत्येक भाग 40 गुणांचा आणि दोन तासांचा. इतिहास-राज्यशास्त्र व भूगोल यांचीही तीच व्यवस्था आहे. उरलेले 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जातात.

या आकड्यांतून एक गोष्ट उघड होते. गणिताच्या पेपरात एका गुणासाठी सरासरी तीन मिनिटे मिळतात. भाषेच्या पेपरात मात्र सव्वादोन मिनिटेच. घरोघरी धास्ती असते ती गणिताची, परंतु वेळेची खरी ओढाताण होते ती भाषेच्या पेपरात. निबंध व पत्रलेखन शेवटी घाईघाईने उरकणारे विद्यार्थी भाषेत कच्चे असतातच असे नाही. अनेकदा त्यांना लिहिण्याचा सराव नसतो, एवढेच. 2023 पासून बोर्डाने पेपरच्या आधी प्रश्नपत्रिका वाचनासाठी दिली जाणारी दहा मिनिटे बंद करून ती पेपरच्या शेवटी वाढवून दिली. घरी सराव करतानाही घड्याळ तसेच लावावे.

गुण कोठे गेले?

उत्तरपत्रिका हाती आल्यावर किती गुण मिळाले हे पाहून झाल्यावर, किती गेले आणि का गेले हे पाहावे. समजा, एका विद्यार्थ्याला बीजगणितात 40 पैकी 22 गुण मिळाले. घरात निष्कर्ष निघतो की, ‘याचे गणित कच्चे आहे.’ पण गेलेले 18 गुण वेगवेगळे मांडून पाहिले तर चित्र असे दिसू शकते : सात गुणांची उदाहरणे वेळ संपल्यामुळे राहिली, पाच गुण चिन्हाच्या चुकीने किंवा प्रश्नातील संख्या चुकीची उतरवल्याने गेले, दोन गुण कृतीमधील रिकामी चौकट कोरी सोडल्याने गेले, आणि अंकगणित श्रेढीच समजली नव्हती म्हणून चार गुण गेले. याचा अर्थ, खऱ्या अज्ञानामुळे गेलेले गुण अठरांपैकी केवळ चार आहेत.

या चार कारणांवरील उपाय चार प्रकारचे आहेत. वेळ अपुरा पडणाऱ्यास नवी शिकवणी लावून उपयोग नाही; त्याने घड्याळ समोर ठेवून पूर्ण पेपर सोडवले पाहिजेत. चिन्ह चुकवणाऱ्यास अधिक उदाहरणांपेक्षा, प्रत्येक उदाहरणानंतर मागे वळून पाहण्याची सवय हवी. चौकट कोरी सोडणाऱ्याने कृतीच्या प्रश्नांत निम्मे उत्तर छापूनच दिलेले असते हे ओळखावे. आणि ज्याला श्रेढी समजलेली नाही, त्याने न लाजता शिक्षकांकडे जावे. सर्वांना एकच औषध, म्हणजे ‘अजून दोन तास अभ्यास कर’, हे निदान न करता दिलेले औषध होय.

ही विभागणी विद्यार्थ्याने स्वतः करावी. पालकांनी शेजारी बसावे, पण लेखणी त्याच्या हाती असावी. स्वतःच्या चुकीचे नाव स्वतः लिहिले की तिची भीती निम्मी होते. दुसऱ्याने लिहिले तर तो आरोप वाटतो.

उरलेले दिवस

पूर्वी दहावीची परीक्षा मार्च महिन्यात सुरू होत असे. 2025 साली ती 21 फेब्रुवारीला सुरू झाली. त्यामुळे पूर्वपरीक्षा आणि बोर्ड यांमधील अंतर कमी झाले आहे. हाती महिनाभराचाच काळ असताना संपूर्ण पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचण्याचा संकल्प बहुधा तिसऱ्या प्रकरणापाशी थांबतो. त्यापेक्षा प्रत्येक विषयात गेलेल्या गुणांच्या यादीतून तीन-चार प्रकरणे निवडावीत, ती पक्की करावीत आणि आठवड्यातून दोनदा पूर्ण पेपर त्याच वेळेत, एकाच बैठकीत, पाणी पिण्यापुरतेही न उठता सोडवावा.

अभ्यासाची सामग्री घरातही असते, याचा व्यापारी कुटुंबांनी विशेष विचार करावा. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन हे प्रकरण असून त्यात वस्तू व सेवा कर आणि शेअर्स यांची उदाहरणे आहेत. ज्या दुकानात रोज कराची बिले फाटतात, त्या दुकानातील मुलाला या प्रकरणात गुण गमवावे लागणे हे थोडे नवलाचेच. वडिलांनी आठवडाभर रात्री दहा मिनिटे एक बिल समोर ठेवून केंद्राचा कर किती, राज्याचा किती, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट कशी मिळते, एवढे सांगितले तरी पुरे. मुलाला गुण मिळतील. शिवाय वडिलांच्या कामात डोके लागते हेही त्याला कळेल.

पुढील वाट

पूर्वपरीक्षेनंतरच्या काळात आणखी एक विचार सुरू व्हावा, तो दहावीनंतरचा. निकालाच्या दिवशी हा विचार सुरू करणाऱ्या घरात निर्णय टक्केवारी घेते. नव्वद टक्के मिळाले म्हणून विज्ञान, सत्तर मिळाले म्हणून वाणिज्य, त्याहून कमी म्हणून जे मिळेल ते, ही उतरंड किती मुलांच्या मनाविरुद्ध रचली गेली असेल! उत्तरपत्रिकेची आतील पाने येथेही उपयोगी पडतात. कोणत्या विषयात विद्यार्थ्याने विचारले त्याहून अधिक लिहिले आहे, कोणत्या विषयाच्या आकृत्या मन लावून काढल्या आहेत, कोणता पेपर वेळेआधी संपला, हे पाहिले तर त्याचा कल बऱ्याच अंशी समजतो.

वाटाही अनेक आहेत. कला, वाणिज्य व विज्ञान या तीन शाखा सर्वांना ठाऊक असतात. तंत्रनिकेतनातील पदविका दहावीनंतर तीन वर्षांची असते आणि ती पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विद्युतकार किंवा जोडारी यांसारखे दोन वर्षांचे व्यवसाय शिकवले जातात. ज्यांना सनदी लेखापाल व्हायचे आहे, त्यांची पहिली पायरी असलेली फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर असते. त्यासाठी अकरावीत विज्ञान घेण्याची गरज नाही. अभियांत्रिकीसाठी गणित आणि वैद्यकीय शिक्षणासाठी जीवशास्त्र सोडून चालत नाही, हे मात्र अकरावीचे विषय निवडतानाच लक्षात ठेवावे.

अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून संपूर्ण महाराष्ट्रात केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्यापूर्वी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक व अमरावती या भागांपुरती होती. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय विशेष विचाराने लिहावे. ते मिळूनही प्रवेश न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांची दारे बंद होतात, असा नियम राहिला आहे. जैन समाजास जानेवारी 2014 मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. अल्पसंख्याक महाविद्यालयांतील राखीव जागांचा लाभ घ्यायचा तर शाळेच्या दाखल्यावरील धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे आजच पाहावे. तेथे ‘हिंदू जैन’ अशी जुनी नोंद असेल तर मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. विद्यार्थी शाळेत असेपर्यंत दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. शाळा सुटल्यावर ती अवघड होते.

गुण कमी पडले तर

हा प्रश्न घराघरात टाळला जातो, म्हणूनच तो येथे स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. 2025 साली दहावीचा राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. म्हणजे शंभरांपैकी सुमारे सहा विद्यार्थी त्या दिवशी अनुत्तीर्ण ठरले. त्यांच्यासाठी वाट आहे : त्याच उन्हाळ्यानंतर लगेच पुरवणी परीक्षा होते आणि एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना ए.टी.के.टी.च्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. ही माहिती निकालानंतर रडत शोधण्यापेक्षा फेब्रुवारीपूर्वीच एका कागदावर लिहून ठेवावी. अपेक्षेइतके गुण आले तर काय, दहा टक्के कमी आले तर काय, एखादा विषय राहिला तर काय, अशा तीन ओळी पुरेत. तो कागद आई-वडिलांनी व मुलाने मिळून लिहावा.

यात अपशकुन नाही. घर तिन्ही ओळींना तयार आहे हे दिसले की मुलाच्या छातीवरील दडपण उतरते आणि त्याची लेखणी मोकळी चालते. निकालाच्या काळात काही घरांवर जे दुःख कोसळते, त्यामागे पुष्कळदा ‘आता घरी तोंड कसे दाखवू’ हा एकच विचार असतो. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, तर ते ‘परीक्षेचे टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. टेलि-मानस ही शासनाची निःशुल्क सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. विद्यार्थी आणि पालक दोघांनीही तिचा संकोच करू नये.

समाजाचे काम

गुणवंतांचा सत्कार ही समाजसंस्थांची चांगली परंपरा आहे आणि ती चालू राहावी. परंतु सत्कार होतो निकालानंतर. मदत लागते ती निकालापूर्वी. संस्थेच्या सभागृहात जानेवारीच्या दोन रविवारी विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिका घेऊन यावे, समाजातील निवृत्त शिक्षकांनी त्या त्यांच्यासह वाचाव्यात. फेब्रुवारीत तेथेच घड्याळ लावून पेपर सोडवले जावेत. मे महिन्यात एक टेबल अकरावीचा अर्ज भरण्यासाठी असावे. याला देणगी थोडी लागते, वेळ मात्र द्यावा लागतो. आणि त्या रांगेत नव्वद टक्क्यांच्या मुलाशेजारी पस्तीसची चिंता असलेला मुलगा निःसंकोच बसू शकला, तर ती संस्था खऱ्या अर्थाने त्या दोघांचीही झाली असे म्हणता येईल.

आज घरी गेल्यावर प्रत्येक पालकाने मुलाला एवढेच विचारावे : ‘पेपर दाखवशील का? रागवायला नको, वाचायला हवा आहे.’ आणि तो दाखवला गेला, तर दिलेला शब्द पाळावा.