बेअरिंगची उपासमार

बारामती-इंदापूरच्या मळ्यांना १८८५ सालापासून नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते. आता पाणी उपसायला विजेची मोटार असते. आणि नेमकी पाण्याची पाळी आली, की ती करकरू लागते. आपण म्हणतो, ‘अहो, ग्रीस तर भरलेले आहे!’

खरे आहे. पण वंगणाचे मुख्य काम ग्रीसमधून पाझरणारे तेल करते. साबण ते नुसते धरून ठेवतो. मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. एक छर्रा तेल बाजूला सारून पुढे जातो. दुसरा येईपर्यंत ते परतले नाही, की मायक्रॉनभर जाडीचा पडदाही उरत नाही. मग पोलाद पोलादाला घासते. कणगी भरलेली, ताट रिकामे!

तेव्हा वीज बंद करून वाळलेले ग्रीस डिझेलने धुऊन काढा, बेअरिंग कोरडे करा आणि मगच नवे भरा. मात्र पोकळीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच. ठासून भरले तर ते घुसळून तापते. दोन्ही बाजूंनी बंद असलेले बेअरिंग मात्र बदलूनच टाकावे.

आवाज पालटला, की त्याच दिवशी पाहा. कालव्याची पाळी कुणासाठी थांबत नाही.