शब्दाला शब्द नको
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वसईला परक्या शब्दांचे वावडे नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. पण त्यांची चावी, पगार आणि बटाटा आपल्या घरात राहिलेच. इंग्रजी शब्दही आपण बोलताना खुशाल वापरतो. त्यात काही बिघडत नाही. मात्र इंग्रजीत अर्ज लिहायचा झाला की सावध असावे. माझीच फजिती सांगते.

माझ्या खात्यातून जास्त पैसे कापले गेले, अशी मला शंका आली. मी ऐटीत लिहिले, 'आय डाउट दॅट एक्स्ट्रा मनी हॅज बीन डिडक्टेड.' उत्तर आले, 'आपलेही समाधान आहे, हे वाचून आनंद झाला.' शंका म्हणजे 'डाउट', एवढेच मला ठाऊक! पण त्या वाक्याचा अर्थ 'जास्त पैसे कापले असतील असे मला वाटत नाही' असा होतो. तेथे 'आय सस्पेक्ट' हवे होते. दुसरे पत्र धाडले, तेव्हा कोठे चौकशी होऊन पैसे परत मिळाले.

असाच फसवा शब्द 'पर्यंत'. दुकान आठपर्यंत उघडे असते, तेथे 'टिल'. कारण ते तोवर उघडेच राहते. फी दहा तारखेपर्यंत भरायची, तेथे 'बाय'. कारण ती मुदतीच्या आत एकदाच भरायची. मुलाला दोन दिवसांपासून ताप असेल, तर 'फॉर टू डेज'. सोमवारपासून असेल, तर 'सिन्स मंडे'. आणि लेक पदवीधर झाली की 'पास्ड आउट' लिहू नका. परदेशातला वाचणारा घाबरेल, पोरगी बेशुद्ध पडली म्हणून! तेथे 'ग्रॅज्युएटेड' लिहावे.

या चुका अडाणीपणाच्या नव्हेत. मनात मराठी वाक्य असते आणि आपण शब्दाला शब्द ठेवीत जातो. त्यावर उपाय सोपा आहे. लिहिलेले वाक्य पुन्हा मराठीत करून पाहावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कितीतरी घरांना हीच सवय लावली.

आणि एक विसरू नका. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही आपल्या राज्याची राजभाषा झाली आहे. सरकारी कचेरीत मराठी अर्ज देण्यात कसला कमीपणा? इंग्रजी लिहावी ती गरजेपुरती आणि नेमकी. आपले म्हणणे समोरच्याला कळले पाहिजे. ऐट तेवढी घरी ठेवावी.